ओला पैसा

टाकेवाडीच्या डोहात नाणे टाकायला कुणी हात वर केला, की काठावर बसलेले महादू गुरव मान हलवतात. "इथं टाकायचं नसतं, पाव्हणं. उचलायचं असतं." त्यांच्यापुढच्या परातीत पाणी असते, पाण्यात नाणी. एक उचलायचे आणि गाव सोडण्याआधी बाजारात खर्चून टाकायचे. घरी न्यायचे नाही. असे का, हे विचारणाऱ्याला ते बसवून घेतात आणि आजाकडून ऐकलेले सांगतात.

फार पूर्वी या गावात तांब्याचे पैसे पाडणारी टांकसाळ होती म्हणे. सुभान आणि खेमा हे तांबट भाऊ तिथे कामाला. थोरला सुभान ठसा धरी, धाकटा खेमा घण घाली. घण जरा सरकला तर भावाची बोटे गेली असती. पण सुभानाने कधी वर पाहिले नाही. खेमाला आईबाप आठवत नव्हते. ठसा धरणारे ते हात तेवढे त्याचे होते.

एका वर्षी घाटाखाली लढाई पेटली आणि तांबे आणणारे बैल यायचे थांबले. भट्टी विझली. होते ते पैसे वाटसरूंबरोबर बाहेर जात, नवे पडत नव्हते. गावाने डोहाच्या देवीला, जळूबाईला नवस केला : तांबे येईपर्यंत दर शुक्रवारी घरटी एक पैसा डोहात. पैसा जसजसा मिळेनासा झाला, तसतसे लोक अधिकच भाविक झाले. शेवटी बाजारात पैसाच उरला नाही. कोंडा तेलिणीकडे तेल होते, तिला जोंधळा हवा होता. जोंधळेवाल्याला तेल नको, लुगडे हवे होते. कोष्ट्याची रंगाची कढई गळत होती, आणि ती सांधणारा खेमा रिकामा बसला होता. माल सगळ्यांकडे, आणि चुली थंड.

"तांबं संपलं नाही रे," सुभान म्हणाला. "आपणच बुडवलंय."

"देवीच्या तोंडचं काढणार तू?"

"मागून घेईन. आई आहे ती, सावकार नाही."

सुभानाने बुडी मारली. मूठभर पैसे काठावर ठेवले आणि पुन्हा आत गेला. तो वर आला नाही. खाली कपारीत पाय अडकला होता, असे सांगतात; देह मागाहून वर आला.

गाव म्हणाले, देवी कोपली. भावाला अग्नी देऊन खेमा परतला, तेव्हा पंच त्याची वाट पाहत होते. पैसे परत टाक, एवढेच त्यांचे म्हणणे. सुभानाच्या ओल्या धोतरात बांधलेले ते पैसे खेमाने छातीशी धरले.

"दादा दिला," तो म्हणाला. "पैसे नाही देणार."

तो तडक बाजारात गेला. भावाच्या दिव्याला तेल हवे होते. त्याला पाहून दुकानदारांनी तोंडे फिरवली. हे पैसे कुणी घेतलेच नाहीत, तर दादा कशासाठी गेला, एवढेच त्याच्या डोक्यात घुमत होते. कोंडा तेलिणीपुढे त्याने एक पैसा धरला. कडेला चीर गेलेला.

"देवीच्या दिव्यात तेल मीच घालते," ती म्हणाली. "राग आला तर मला सांगेल ती. आण इकडं." पैसा पुसायला तिने पदर उचलला, तसा खेमाने तिचा हात धरला.

"पुसू नका मावशी. त्याचा हात लागलाय."

कोंडाने त्याच पैशाचा जोंधळा घेतला. जोंधळेवाल्याने लुगडे घेतले. दिवस कलताना कोष्टी गळकी कढई घेऊन खेमाच्या दारात आला, आणि कढई सांधून झाल्यावर त्याने चीर गेलेला पैसा पुढे केला. आता तो कोरडा होता. खेमाने मूठ मिटली. हा जवळ ठेवावा, भावाची एवढी तरी खूण राहील, असे त्याला फार वाटले. दिव्यासमोर तो मूठ मिटूनच बसला. मग उठला, आणि त्या पैशाचे मीठ घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी गावातले गडी कमरेला दोर बांधून पैसे काढायला डोहात उतरले. दोर खेमाने धरला. तांबे पुढे कधी आले, ते कुणी सांगत नाही. बाजार मात्र पुन्हा मोडला नाही.

आजही टाकेवाडीत गिऱ्हाइकाने ओले नाणे दिले, तर दुकानदार ते तसेच गल्ल्यात टाकतो. पुसत नाही.