पालथी तीन पाने

एकदा एका वृद्ध गणितज्ञांकडे त्यांचा जुना शिष्य भर दुपारी एक जाडजूड फाइल घेऊन आला. शिष्यही आता कॉलेजात प्राध्यापक होता, कानशिलांवर केस पिकले होते. त्याची पत्नी हेमांगी आजारी होती, आणि आजार असा की त्याचे नाव घेताना डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणत.

सरांनी आयुष्यभर संभाव्यता शिकवली होती, आणि तीही पत्त्यांवर. जुगाराचा त्यांना मनस्वी तिटकारा. तरी त्यांच्या बैठकीत तीन पत्तीचे डाव इतके मांडले जात, की नव्या शेजाऱ्यांना काही दिवस तो अड्डाच वाटे.

शिष्याने फाइल उघडली. दोन महिने खपून त्याने देशोदेशीचे अहवाल जमवले होते. वय, औषध, रक्ताचे आकडे यांची कोष्टके मांडली होती. हेमांगी शेजारच्या खोलीत पडून असे, तिच्या उशाशी तिची बहीण बसे, आणि हा टेबलाशी. विद्वान माणूस दुःखाचेही आधी कोष्टक मांडतो. आपण त्याला हसू नये. आपणही दुसरे काहीतरी मांडतच असतो.

"सर, डॉक्टर शंभरात वीस म्हणतात. माझ्या गणितानं तेवीस येतात. एवढं तपासून द्या."

सरांनी फाइलला हात लावला नाही. कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला, पिसला, आणि तीन पाने शिष्याच्या पुढ्यात पालथी टाकली.

"तिन्ही सारखी असतील?"

"चारशे पंचवीसात एकदा."

"जोडी असेल?"

"शंभरात सतरा वेळा."

"आणि काहीच नसेल?"

"शंभरात चौऱ्याहत्तर. सर, हे तर तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारायचात."

"बरं. समज, यांत निदान एक राजा आहे, एवढंच मी तुला सांगितलं. तर तिन्ही राजे असतील?"

शिष्याने खिशातून पेन काढले. फाइलच्या पाठीवर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बाराशे एकात एकदा," असे म्हणून त्याने मान वर केली. पुढ्यात पाने नव्हती. सरांनी ती कॅटमध्ये मिसळून केव्हाच पिसून टाकली होती.

"सर, माझी पानं?"

"गेली."

"पण होती कोणती?"

"मला काय ठाऊक? दहा मिनिटं तुझ्या पुढ्यात पडली होती. उलटून पाहू नकोस, असं मी म्हटलं नव्हतं."

शिष्य गोंधळला. त्याला थोडा रागही आला. तो काही खेळायला आला नव्हता.

सर म्हणाले, "तुझं उत्तर बरोबर आहे. पण तीन पानं बावीस हजार शंभर तऱ्हांनी पडू शकतात, आणि ते उत्तर त्या सगळ्यांबद्दल बोलतं. पुढ्यातली तीन कोणती, ते सांगणं त्याचं कामच नाही. इस्पितळ कोणतं, औषध कोणतं, हे ठरवायचं होतं तेव्हा गणित हवं होतं, आणि तू ते नीट केलंस. ते ठरून गेलं. आता विसाचे तेवीस झाले, तर तू वेगळं काय करणार आहेस?"

शिष्याने पेन खिशात ठेवले.

"काही नाही. मग मोजतोस कशाला, ते मला माहीत आहे. आकड्यांकडे पाहिलं, की तिच्याकडे पाहावं लागत नाही. आमची ही गेली, तेव्हा मी अशाच एका कोष्टकात होतो. कितव्या ओळीवर होतो, तेसुद्धा आठवतं. ती शेवटी काय बोलली, ते मला शेजारणीनं सांगितलं."

मग शिष्य उठला, वाकून नमस्कार करून निघाला. फाइल तिथेच राहिली, आणि सरांनीही आठवण करून दिली नाही.

घरी आल्यावर तो हेमांगीच्या पलंगाच्या कडेला बसला. मेहुणी चहा टाकायला आत गेली.

"काय म्हणाले सर? किती आले?" हेमांगीने विचारले.

"तपासलंच नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्यानेही नजर काढून घेतली नाही. तेव्हा त्याला दिसले, की तिची बोटे अगदी बारीक झाली आहेत, आणि अंगठी गळू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळला आहे. हे कधी झाले, त्याला ठाऊक नव्हते.

"मला फार भीती वाटते रे," ती म्हणाली. दोन महिन्यांत तिने हे पहिल्यांदाच बोलून दाखवले, कारण तसा विषय निघाला की तो टक्केवारी सांगू लागे.

"मलाही," तो म्हणाला. मग मात्र दोघांनाही रडू आवरले नाही.

हेमांगी त्यानंतर एकोणीस दिवस होती. त्यांतला एकही दिवस तो टेबलाशी बसला नाही.