पालखीतले गचके

मैनाबाई कासारीण बाजाराला निघाली आणि खड्ड्यात तिच्या गाडीचं चाक मोडलं. लग्नसराईसाठी भरलेल्या बांगड्यांचा चुरा झाला. तेवढ्यात रस्त्यांची देखरेख करणाऱ्या दाजीबा कारभाऱ्यांची पालखी आली. तिने ती अडवली.

"कारभारी, खड्डे बुजवा. माझं पोट या रस्त्यावर आहे."

दाजीबा हसले. "मी नेहमी इथूनच जातो. मला कधी गचका बसला नाही. तुझा हातच कच्चा!"

मैनाबाईने पालखी पेलून उभ्या असलेल्या भोयांकडे पाहिलं. एकाचा घोटा चांगलाच सुजला होता.

"खरं आहे, कारभारी," ती शांतपणे म्हणाली. "तुमचे गचके यांनी सोसले. तुमच्यापर्यंत पोचणार कसे?"

कारभाऱ्यांनी पहिल्यांदाच भोयांच्या पायांकडे पाहिलं. पालखी खाली ठेवायला सांगून ते उतरले आणि गावापर्यंत चालत गेले. दुसऱ्याच दिवशी मुरमाच्या गाड्या आल्या.