मधल्या फळीवरचा आवाज

"मग तीन इंची लावू की चार इंची, तेवढं सांगा ना अप्पा."

अप्पा इंचनाळकर चहा गाळत होते. त्यांनी गाळणं झटकलं, त्यात पाहिलं, पुन्हा झटकलं.

"कशासाठी?"

"आल्यापासून तेच सांगतोय! मिडरेंजसाठी."

"ते कळलं. कशासाठी?"

राग गिळताना माणूस जसा खिडकीबाहेर बघतो, तसं शिरीष मोरजकरने बाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पन्हाळ्यावर सकाळपासून धुकं उतरलं होतं, समोरचा पेरूसुद्धा दिसत नव्हता.

अप्पांनी उभं आयुष्य रेडिओ केंद्रात माणसांचे आवाज मुद्रित करण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते इथे येऊन राहिले. घरच्या घरी स्पीकर बांधायचं खूळ असलेली माणसं त्यांच्याकडे शिकायला येत. हे खूळच असं, की चांगलं वाजत असलेलं खोकं पुन्हा उघडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शिरीष त्यातला हुशार. मस्कतला पंधरा-सोळा वर्षं इंजिनिअर होता. त्याला सगळं येत होतं, अप्पांनी मान डोलवायची तेवढी राहिली होती.

टेबलावर त्याचं खोकं होतं. खाली वूफर, म्हणजे ढोलासारखा जाड आवाज. वर ट्विटर, म्हणजे झांजेची किणकिण. आणि त्यांच्या मध्ये छोटा मिडरेंज. माणूस बोलतो, तो बहुतेक तिथूनच. मधली फळी स्क्रू काढून बदलता येत होती. शिरीषने अशा फळ्यांची पिशवीच भरून आणली होती, प्रत्येकीवर वेगळा मिडरेंज. कागदी कोनाचा, अ‍ॅल्युमिनियमचा, रेशमी घुमटाचा, आणि एक थेट जपानहून मागवलेला.

"आईचा आवाज आहे," तो शेवटी म्हणाला. "माघात गेली ती. तिच्या आवाजासाठी बांधतोय."

अप्पांनी कप त्याच्यापुढे सरकवला.

"लावा."

शिरीषने लावला. आवाज त्याच्या मावसभावाने घेतला होता, तो स्टुडिओत काम करायचा. माईक चांगला, खोली शांत. आधी भांड्याचा आवाज आला. मग एक बाई बोलली.

"हे काय रे लाल लुकलुकतंय? बंद कर बघू आधी, माझ्या डोळ्यांत जातंय."

मग ती शेजारणीच्या मांजराविषयी सांगू लागली. मांजर दूध पिऊन जायचं आणि शेजारीण नवऱ्यावर संशय घ्यायची. सांगता सांगता बाईला हसू आवरेना. पोटातून येणारं, दोनदा थांबून पुन्हा सुटणारं हसू.

"छान आहे," अप्पा म्हणाले.

"छान नाही!" शिरीषने आवाज बंद केला. "ही आई नाहीय अप्पा. म्हणजे आहे तीच, पण तशी येत नाही. मी सगळे लावून बघितले. कागदी लावला की आवाज जाड होतो. रेशमी लावला की मऊ होतो. मोजमापं बरोबर आहेत, आलेख सरळ रेषेत आहे, आणि समोर कुणीतरी भलतीच बाई बोलतेय."

"हसू?"

"ते तर सगळ्यात वाईट. असं छातीतून, पोटातून… ती असं हसायची नाही. मला वाटलं वूफरचा दोष आहे. मी फिल्टर बदलून आवाजाचा खालचा, जाड भाग कापत नेला. बराच कापला, तरी थोडं उरतंच."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चहाकडे.

"अजून कुणी ऐकलं?"

"सुलूनं, माझ्या बहिणीनं. ती काय, पहिल्याच फळीला रडायला लागली. उठून आत गेली. तिला यातलं काही कळत नाही. ती मोबाइलवर लावलं तरी रडते."

"आईजवळ कोण होतं?"

"सुलूच. पहिल्यापासून."

"आणि तुम्ही?"

"मी… शाळेपासूनच होस्टेलला. मग पुण्यात नोकरी. मग मस्कत." तो घाईने म्हणाला, "पण मी दर शुक्रवारी फोन करायचो. एक शुक्रवार चुकवला नाही. ताप असला तरी केला. सुलूला विचारा हवं तर."

"विचारायचं कशाला? पटलं की."

अप्पांनी चहा संपवला. त्यांच्यामागे भिंतीतलं कपाट उघडं होतं, आत एक बल्ब जळत होता. दमट हवेने स्पीकरचे कागदी कोन सैल पडतात, म्हणून तो दिवसरात्र चालू असे. खोलीत उजेड म्हणावा तर तेवढाच.

"कशी बोलायची आई?"

शिरीषने डोळे मिटले. हा प्रश्न त्याला आवडला. इतक्या वेळात अप्पांनी पहिल्यांदा कामाचं काही विचारलं होतं.

"बारीक आवाज होता. जरासा नाकात. स म्हटला की फ वाटायचा. आणि थोडी लांबून बोलल्यासारखी. फार बोलायचीच नाही. बरी आहे, तू जेवत जा, ठेवते आता, पैसे जातात… एवढंच."

"आणि मांजराचं?"

"मांजराचं काय?"

"हे कधी सांगितलं होतं तुम्हाला?"

"…नाही."

अप्पा उठले. गुडघ्यांवर हात टेकत आतल्या खोलीत गेले. बराच वेळ काहीतरी सरकवल्याचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात जुना काळा टेलिफोन होता, तबकडीचा. त्यांनी तो टेबलावर ठेवला, रिसीव्हर उचलला आणि कानाकडचं झाकण फिरवून काढलं. आतून बिस्किटाएवढी एक गोल डबी निघाली.

शिरीष हसला.

"अप्पा, हे काय! हा काय मिडरेंज आहे?"

"बोलतो की."

"याला खालचंही येत नाही, वरचंही येत नाही!"

"नाही येत."

त्यांनी डबीला दोन तारा जोडल्या, डबी रिसीव्हरमध्ये परत बसवली, झाकण लावलं. तारांची दुसरी टोकं अ‍ॅम्प्लिफायरला लावली. आवाज अगदी कमी केला. मग रिसीव्हर शिरीषच्या हातात दिला.

"कानाला लावा."

शिरीषने थट्टा असल्यासारखा लावला.

अप्पांनी कळ दाबली.

खोलीत काही ऐकू येईना. नुसता शिरीष दिसत होता. त्याच्या ओठांवर अजून ते हसू होतं. ते तिथेच राहिलं, पण बाकीचा चेहरा त्याच्याखालून निघून गेला. त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पाठ वाकली. मान खांद्यावर पडली, लाईन तुटेल अशी भीती असलेली माणसं धरतात तशी.

"हां," तो म्हणाला.

अप्पा खिडकीकडे बघत राहिले.

"हां… हां, आई."

ध्वनिमुद्रण संपलं. तरी रिसीव्हर कानालाच होता. बऱ्याच वेळाने तो खाली आला.

"हीच," शिरीष म्हणाला. "अप्पा, हीच आहे. हीच माझी आई."

आणि तो रडला. पन्नाशीचा माणूस शर्टाच्या बाहीला तोंड पुसत, लाज सोडून रडला. आई गेली तेव्हा तो विमानतळावर होता. घरी पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढच्या वर्षी नोकरी सोडून कायमचा येणार होता. दर वर्षी तो पुढच्याच वर्षी येणार होता. हे सगळं त्याने रडता रडता सांगितलं. अप्पा त्याला थांबवायला गेले नाहीत.

धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. अप्पांनी उठून दार लोटलं.

"मला ही डबी द्या," शिरीष म्हणाला. "मी याच्यासाठी खोकं बांधतो. लहानसं. सागवानी बांधतो. बाकी काही नको मला."

अप्पांनी तारा सोडवल्या. रिसीव्हर हातात घेतला, पुसला आणि टेलिफोनवर ठेवून दिला.

"नाही?"

"नाही."

"का पण? तुम्हीच तर ऐकवलीत…"

अप्पांनी शिरीषच्या पिशवीत हात घातला. हाताला लागली ती फळी काढली, कुठली आहे ते पाहिलंही नाही. खोक्याच्या मध्ये बसवून स्क्रू आवळले. मग शिरीषने ज्या फिल्टरने खालचा भाग कापला होता, तो बाजूला काढला. साधा जोड दिला. जेवढं खालून येईल तेवढं येऊ दिलं.

आणि पुन्हा कळ दाबली.

"हे काय रे लाल लुकलुकतंय?"

खोलीत एक धडधाकट बाई येऊन बसली. तिचा आवाज बारीक नव्हता. नाकातही नव्हता. तिने मांजराची गोष्ट सांगितली, शेजारणीची नक्कल केली, नक्कल करताना बांगड्या वाजल्या. मग ती हसली. टेबलावरची बशी त्या हसण्याने किंचित थरथरली.

शिरीष ऐकत होता. या वेळी त्याने आवाज बंद केला नाही. हसू पुन्हा सुटलं तेव्हा तो जरा मागे सरकला.

शेवटी बाई म्हणाली, "पुरे आता, भाजी लागेल माझी." खुर्ची सरकली, पावलं दूर गेली, आणि खोकं गप्प झालं.

"ती…" शिरीषने खोक्याकडे बोट दाखवलं. "ती घरात अशी होती? रोज?"

अप्पांनी कपबशा उचलल्या. मोरीत नेऊन ठेवल्या. परत आले तेव्हा शिरीष टेबलावर फळ्या मांडून बसला होता, कागदी, रेशमी, जपानची, आणि कुठल्याही फळीला हात लावत नव्हता.

"अप्पा, आता मी कुठली लावू?"

"कुठलीही लावा," अप्पा म्हणाले. "आणि समोर बसा. नव्या माणसाची ओळख व्हायला वेळ लागतो."