काठाशी थिजलेलं दूध

एक होतं पत्र्याचं राज्य. तिथे होता एक राजा, एक म्हातारा निरोप्या धोंडबा, आणि नव्यानेच राहायला आलेली गाणारी सुरंगी नि तिचा नवरा रावजी. राजा हुशार, पण एका वेळी एकाचंच ऐकणारा. म्हणून घराघरातून महालापर्यंत दोऱ्या नेलेल्या. दोरी ओढली की घंटा वाजे आणि घंटेवरून राजा माणूस ओळखे.

नव्या बिऱ्हाडाने दोरी ओढून राजाला गाणं ऐकवायचं. गाता गाता चुलीवरचं दूध उतू गेलं तर घर त्यांचं. नाहीतर छप्पर उघडे, भला मोठा हात खाली येई आणि बिऱ्हाड उचलून बाहेर ठेवी.

दोऱ्या वाटायची रीत अशी. राजाची कारभारीण चौकात सगळ्यांचे डोळे बांधी नि विचारी, "कुणाच्या पणजीला मिशी होती?" ज्याच्या घरी होती तो "हूं" म्हणे. बाकीच्यांनी गप्प राहायचं, आणि हूं ऐकू आलं की खाली बसायचं. असं विचारत विचारत शेवटी एकच उभा उरे. त्याला दोरी मिळे; मग उरलेल्यांची पाळी.

सुरंगीने दूध ठेवलं, चौकात मिळालेली दोरी ओढली, तोंड उघडलं. तेवढ्यात तीच घंटा दुसऱ्यांदा वाजली. कोण बोलावतंय ते कळेना, राजा आ वासून दगड झाला. माशी हवेतच टांगली गेली. दूध काठाशी येऊन थिजलं. मग आभाळातून बोट आलं, त्याने सूर्य विझवला, परत लावला, आणि सगळ्यांची पुन्हा सकाळ झाली.

"अगं, आत्ताच घासले होते ना मी दात?" रावजी म्हणाला.

सुरंगी उत्तर देणार, तो दोरी तिच्या हातात आपोआप हलली. ती दोरी धरून भिंतीभिंतीने निघाली, ती थेट धोंडबाच्या ओसरीवर. दोरीचं टोक लोखंडी कडीने त्याच्या मनगटाला ठोकलेलं.

"बाबा, तुम्ही चौकात का नाही आलात?"

"कशाला येऊ? माझ्या वेळी पणज्या नव्हत्या विचारत. लोहाराने कडी ठोकली, म्हणाला, ही तुझी."

"मग तसं सांगायचं तरी!"

"विचारलं कुणी?"

वर छप्पर कुरकुरलं. फटीतून बोटं दिसू लागली. सुरंगी धावत कारभारणीकडे गेली.

"बाई, धोंडबांचं हूं मी म्हणते. ती दोरी त्यांचीच. मला दुसरी द्या."

"कुठली चालेल?"

"कुठलीही! मला काही कुणी ठोकलेलं नाही."

कारभारणीने कोपऱ्यातली, जळमटं लागलेली दोरी काढून दिली.

घरी येऊन सुरंगीने नवी दोरी ओढली नि ती गाऊ लागली. तिकडे धोंडबानेही निरोप धाडला. राजाने मान इकडे केली, मग तिकडे केली, मग पुन्हा इकडे. माशी उडाली. दूध फुगलं, काठावरून उतरलं, चुलीत चर्रर्र झालं.

"गेलं गं, गेलं!" रावजी नाचायला लागला.

वरच्या हाताने छप्पर जागच्या जागी बसवलं नि एकेक स्क्रू आवळला. दूध वाहत वाहत धोंडबाच्या ओसरीपर्यंत पोचलं. म्हाताऱ्याने पाय वर घेतले, मनगटावरची कडी सारखी केली, आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "हूं."