घंगाळातलं पाणी

“याहून चांगली उपासना ती कोणती, बाबा?”

शांतवन उभाच होता. पांढरा झगा अजून अंगात होता. कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत चमक.

नथानिएलबाबा शेगडी पुसत होते. म्हातारे पाळक. जन्मभर खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरलेले, आता ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत एकटे राहणारे. शांतवन त्यांच्या हाताखाली शिकत होता. येत्या रविवारी, ईस्टरला, बिशपसाहेब येणार होते. शांतवनला पाळकाची दीक्षा द्यावी का, असं ते बाबांना विचारणार होते. बाबा म्हणतील तसं होणार होतं.

आणि आज पवित्र गुरुवार होता. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण करायचा दिवस. मंडळीतल्या बारा जणांचे पाय पाळकाने धुवायचे, अशी इथली रीत. बाबांनी आज पहिल्यांदाच सगळी उपासना शांतवनच्या हाती दिली होती.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत,” शांतवन म्हणाला.

“ऐकतोय की. तू बोल.”

“गाणी चार सुरांत बसवली. या देवळात असं कधी झालं होतं? जाजमावर पांढऱ्याशुभ्र चादरी. घंगाळ मी स्वतः चिंचेने घासलं. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, इस्त्री केलेला. एक थेंब बाहेर सांडला नाही, बाबा! डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हेडमास्तर म्हणाले, शहरातल्या कॅथेड्रलमध्येसुद्धा अशी उपासना पाहिली नाही.”

“हो. हेडमास्तरांनी पायाला पावडर लावली होती. वास मागपर्यंत येत होता.”

शांतवन हसला. मग पुन्हा गंभीर झाला.

“रविवारी बिशपसाहेबांना काय सांगाल?”

“दमलास तू,” बाबा म्हणाले. “आधी चहा घे. ते घंगाळ आण इकडे.”

“घंगाळ?”

“आण.”

शांतवनने देवळातून घंगाळ आणलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. वर पाकळ्या तरंगत होत्या. बाबांनी पातेलं घेतलं, त्यावर चहाची गाळणी धरली आणि लोटीने घंगाळातलं पाणी गाळून पातेल्यात ओतलं.

पातेलं शेगडीवर ठेवलं.

“बाबा! अहो, काय करताय?”

“चहा.”

“पायांचं पाणी आहे ते!”

“खरंच?”

बाबा घंगाळावर वाकले. पाण्यात बोट घातलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

“तळ दिसतोय रे. तुझी चिंच कामाला आली... बारा माणसांचे पाय धुतलेस ना?”

“हो.”

“मग माती कुठे गेली?”

“माती कशी असेल? सगळे घरून स्वच्छ धुऊन आले होते. मीच तसा निरोप धाडला होता. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून.”

बाबांनी मान हलवली. चहापत्तीचा डबा खाली काढला, पण उघडला नाही.

“एक खुर्ची बराच वेळ रिकामी होती.”

“डॉक्टरसाहेबांना उशीर झाला.”

“तेवढ्यात दारातून कुणी पुढे येत होतं. तू हाताने थांबवलंस.”

शांतवन झग्याची बाही सारखी करू लागला.

“माझी नजर आता कमी झाली आहे,” बाबा म्हणाले. “कोण होतं?”

“...अण्णा.”

“तुझे वडील?”

“वीटभट्टीवरून तसेच आले होते, बाबा. गुडघ्यापर्यंत चिखल. खाली पांढऱ्या चादरी, सगळे मोठे लोक बसलेले... मी कधी नाही म्हटलं असतं का? पाय धुऊन आले असते, तर मीच धुतले नसते का त्यांचे?”

बाबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.



पातेल्यातलं पाणी कोमट होऊन वाफ धरू लागलं...

बाहेर पायरीवर कुणीतरी खोकलं.

“शांतू! आटपलं का रे? का मी निघू म्होरं?”

शांतवनचे वडील, लहानू, पायरीवर बसले होते. वीटभट्टीवर पायांनी चिखल तुडवायचं काम, त्यामुळे पोटऱ्यांपर्यंत माती वाळून पांढरी पडली होती. चपला त्यांनी काढून देवळापासून दूर ठेवल्या होत्या. शांतवन दारात आला, तसे ते उठले.

“काय गायलास रे! भाहेर सगळं ऐकू येत हुतं. ती उजागऱ्यांची म्हातारी माझ्या शेजारी उभी, तिला म्हनलं, वळखलंस का, ह्यो माझा पोरगा. म्हनली, ठाव हाय गं बाई, धा येळा सांगितलंस.” ते स्वतःच हसले. “मला काय ‘गं बाई’ म्हनती! पार येडी झालीय.”

शांतवन हसला नाही.

“अण्णा... बसा.”

“बसलोच हुतो. चल आता. तुझी आय वाट बघत असंल.”

शांतवन आत गेला. घंगाळ उचलून आणलं, पायरीपाशी ठेवलं. परत आत गेला. बाबांनी शेगडीवरचं पातेलं त्याच्या हातात दिलं. शांतवनने ते कोमट पाणी घंगाळात ओतलं आणि मातीत गुडघे टेकले.

लहानूंनी पाय मागे ओढले.

“आरं! हे काय? नळ हाय की तिथं. धुतो मी. मघाशी माझीच चूक झाली, ध्यानातच आलं न्हाई.”

“तुमची नाही चूक झाली.”

“उठ. झगा खराब हुईल. लोक अजून जाईना झाल्यात, बघतील.”

“पाय द्या, अण्णा.”

“तुझं घंगाळ पुरायचं न्हाई रं माझ्या पायांना...”

पण त्यांनी पाय दिला.

माती लवकर सुटेना. ती भेगांत बसली होती, नखांत बसली होती. कितीतरी वर्षांची असावी. शांतवन अंगठ्याने एकेक भेग चोळत राहिला. बाह्या भिजल्या, मग मातीने लाल झाल्या. दोनदा पाणी सांडलं. गाणं कुणी म्हटलं नाही. फाटकापाशी बोलत उभे असलेले डॉक्टरसाहेब आणि हेडमास्तर बोलायचे थांबले. शांतवनने तिकडे पाहिलं नाही.

“टाचंला जरा हळू,” लहानू म्हणाले. “तिथं चिरलंय.”

“हो.”

आपले हात कुठे ठेवावेत हे लहानूंना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पायरीवर. मग एक हात नुसताच शांतवनच्या डोक्यावर अधांतरी राहिला. त्या हातालाही माती होती.

इस्त्रीचा टॉवेल आत राहिला होता. शांतवनने झग्याच्या घोळानेच पाय पुसले.

बाबा दारात येऊन उभे होते.

लहानूंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि ताठ बसले. मुलाबद्दल बोलताना ते नेहमी ताठच बसत.

“बाबा, इचारू का? रविवारी बिशपसाहेब येनार म्हनत्यात... पोरगं पास का आमचं?”

शांतवनने मान वर केली नाही.

बाबा पायरीवरून सावकाश खाली उतरले. घंगाळावर वाकले. गढूळ पाण्यात एखाददुसरी पाकळी अजून दिसत होती. तळ दिसत नव्हता.



“शांतवन,” ते म्हणाले, “हे आता पायांचं पाणी झालं. चहाला दुसरं ठेव.”