आपखुशीची कोठी

पुष्कळ काळ लोटला त्या गोष्टीला. एका राज्यात नदीच्या वळणावर एक मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या आचार्यांना आणि सेवकांना वेतन म्हणून दरमहा धान्य मिळे. वय झालं की काम सुटे, पण राजाकडून जन्मभर शिधा चालू राही. त्या शिध्यात दोन वेळची भाकरी भागे. त्यावरचं तूप मात्र भागत नसे.

म्हणून राजाने एक नवी कोठी उघडली. कुलपतींनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही कोठी आपखुशीची. ज्याला वाटेल त्याने आपल्या धान्यातला काही हिस्सा घरी न नेता इथे ठेवावा. त्यावर राजा आज कर घेणार नाही; म्हातारपणी न्याल तेव्हा घेईल. कणगीत ठेवलात तर जेवढ्यास तेवढा राहील. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी दिलात तर वाढेल, पण दुष्काळ पडला तर घटेलही. निवड तुमची. राजा यात पदरची भर घालणार नाही आणि तुमचा नेहमीचा शिधाही कमी करणार नाही. मात्र एकदा ठेवलेलं काम सुटेपर्यंत हाती येणार नाही. कुणाला काही विचारायचंय?"

तर्कशास्त्राचा आचार्य विश्रुत याच्या डोक्यात सगळ्याचा गुंता झाला होता. ठेवलेलं हाती येणार नाही, म्हणजे ठरवलेला हिस्साही बदलता येणार नाही का? आणि कोठी एवढी चांगली, तर सक्तीची का नाही?

विचारावं म्हणून त्याने हात उचलला. पण मागे त्याचे शिष्य बसले होते. दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढण्यात ज्याचा हात कुणी धरत नसे, त्याला एवढंही कळू नये? उचललेला हात त्याने केसांवरून फिरवला आणि समजल्यासारखी मान डोलावली.

पुढे त्याने आडून आडून मित्रांना विचारून पाहिलं. ज्योतिषाचे आचार्य म्हणाले, "जितकं जास्त ठेवाल तितकं बरं!" वैद्यकाचे आचार्य म्हणाले, "छे, छे! उद्याचं कुणी पाहिलंय? दाणासुद्धा ठेवू नका." विश्रुत आणखीच गोंधळला. शेवटी दोघांच्या मधलं धरावं, म्हणून त्याने निम्मं धान्य कोठीत ठेवायला सांगितलं. हा हिशेब त्याला तर्कशुद्ध वाटला.

घरात तो, त्याची बायको इरावती आणि म्हातारी आई. काही महिन्यांतच घरच्या कणगीचा तळ दिसू लागला.

"अहो, निम्म्यात भागत नाही," इरावती म्हणाली. "कोठीतलं थोडं कमी करा ना."

"आता बदलता येत नाही."

"कोण म्हणालं?"

"नियम तसाच असणार," विश्रुत म्हणाला, आणि घाईने विद्यापीठाकडे निघून गेला.

हिवाळ्यात गाय विकावी लागली. आई म्हणाली, "बरंच झालं. मला हल्ली दूध पचतच नाही रे." विश्रुतने ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं. मग आई पानातली अर्धी भाकरी मागे सारू लागली. "भूकच नसते," म्हणायची. तेही त्याने खरं मानलं.

एके दिवशी तिने अंथरूण धरलं. वैद्यकाचे आचार्य आले, नाडी पाहून म्हणाले, "रोग काही नाही. पोटात अन्नच जात नाही यांच्या."

इरावती उभी राहिली. "कोठीवर तुम्ही जाता, की मी जाऊ?"

विश्रुत गेला. कोठावळ्यासमोर त्याने अडखळत विचारलं, "ते... हिस्सा कमी करता येतो का हो?"

"म्हणजे काय, आचार्य!" कोठावळा म्हणाला. "आपखुशीची म्हणजे आपल्या खुशीची. पुढच्या महिन्यापासून मूठभर ठेवा. नाहीतर बंद करा, हवं तेव्हा पुन्हा सुरू करा. आत गेलंय तेवढं मात्र आता निघायचं नाही."

"मग हे त्या दिवशी कुलपतींनी का नाही सांगितलं?"

"विचारलं कुणी?"

विश्रुतने हिस्सा कमी करून घेतला. एवढ्या मोठ्या गुंत्याचं टोक इतकं हाताशी होतं, हे त्याला खरंच वाटेना.

पुढच्या महिन्यात धान्य पुरेसं घरी आलं. इरावतीने शेजारून दूध आणलं. आईने दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला केली. मुलाचा हात हातात घेऊन तिने विचारलं, "तुझ्या म्हातारपणाची सोय झाली ना रे? मग झालं तर."

तो महिना संपायच्या आत ती गेली.

विश्रुतने कोठी सोडली नाही. घर भागवून उरेल तेवढाच हिस्सा तो शेतकऱ्यांच्या बियाण्यासाठी ठेवत राहिला. काही वर्षं पिकं बुडाली, काही भरघोस आली. पुढे त्याचं काम सुटलं, तेव्हा कर वजा जाऊनही गाडीभर धान्य त्याच्या दारात उतरलं. शेजारी म्हणाले, "आचार्य, भाग्यवान आहात!"

विश्रुत धान्य आत नेऊ लागला. स्वतःच्या म्हातारपणासाठी साठवताना घरातलं म्हातारपण उपाशी राहिलं, एवढी एकच गोष्ट त्याला आता नीट समजली होती.

तात्पर्य: न समजलेलं विचारायला जो लाजतो, त्याच्या लाजेची किंमत त्याच्या माणसांना मोजावी लागते.