न जुळलेले हात

काही वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट. मूर्ती घडवणाऱ्या कुमुदिनीबाईंच्या फळीवर पॉलिमर मातीची, म्हणजे भाजेपर्यंत मऊ राहणाऱ्या प्लास्टिकसारख्या मातीची, एक बाहुली उभी होती. नमस्कारासाठी तिचे हात पुढे आले होते. तळवे जुळवायचे तेवढे राहिले होते. शेजारी परातीत शाडूचा गोळा असे. दरवर्षी त्याचा गणपती होई, पूजा होई, आणि अंगणातल्या घंगाळात विरघळून तो पुन्हा परातीत येई.

"झालास ना रे पुन्हा चिखल?" बाहुली हिणवी. "मी एकदा भट्टीतून निघाले, की कधीच विरघळणार नाही!"

"अगं बाई, आधी हात तरी जुळू देत," शाडू म्हणाला. "भाजल्यावर तुझे हात कोणालाच वळवता येणार नाहीत."

पण तिला धीर नव्हता. बाई फुले वेचायला गेल्या, तशी ती भट्टीत जाणाऱ्या ताटात तयार बाहुल्यांमागे जाऊन उभी राहिली. परतलेल्या बाईंनी न पाहताच ताट आत सरकवले.

ताट बाहेर आल्यावर बाईंनी तिचे तळवे हलकेच दाबून पाहिले. ते हलले नाहीत. "देवा, हे काय झाले माझ्या हातून!" म्हणत त्यांनी तिला देवघरात ठेवले.

तेव्हापासून आरती संपली की घरातले सगळे हात जुळतात. बाहुलीच्या मनात नमस्कार दाटतो आणि हातांशी येऊन अडतो. शाडू दरवर्षी नवा होऊन तिच्यासमोर बसतो.

"मलाही ने रे त्या पाण्यात," ती विनवते.

"नेले असते गं. पण तुला विरघळवील असे पाणी मला ठाऊक नाही."

तो घंगाळाकडे निघतो. मागे निरांजनाचा उजेड तिच्या न जुळलेल्या तळव्यांमधल्या फटीतून आरपार जात राहतो.